कोकरांचा खोकला आणि कोंडलेली हवा

माणदेशातली थंडी बोचरी, म्हणून मागच्या हिवाळ्यात कोकरांच्या शेडला चारही बाजूंनी बारदान लावलं. आठ दिवसांत खोकला सुरू झाला. दोन कोकरं गेली. दुसरं माझ्या हातातच, शेवटपर्यंत तोंडानं श्वास घेत होतं.

डॉक्टर आले आणि म्हणाले, "कोकराच्या नाकाएवढं खाली बसा." बसलो, तर डोळे चुरचुरले. मुतानं भिजलेल्या जमिनीतून उठणारा अमोनिया उभ्या माणसाला कळतच नाही!

त्याच दिवशी वरचं दोन फूट बारदान काढलं. खालचं ठेवलं, म्हणजे वारं अंगावर येत नाही आणि कोंडलेली हवा वरून निघून जाते. ओली माती खरवडून मुरूम टाकला, चुना भुरभुरला, वर गव्हाचं काड अंथरलं. रोज त्यावर गुडघा टेकून बघतो. गुडघा ओला झाला की काड बदलायचं.

मेंढ्या नारी सुवर्णा जातीच्या, त्यामुळे जुळी बरीच. धाकटं मागं पडतं. म्हणून व्यालेली मेंढी पिल्लांसह दोन दिवस वेगळ्या कप्प्यात ठेवतो. तासाभरात चीक पोटात गेलाच पाहिजे, नाळेला टिंक्चर आयोडीन.

यंदा अजून खोकला ऐकला नाही. रात्री बॅटरी मारली की कोकरं पाय पसरून झोपलेली दिसतात. गारठलेलं कोकरू पाठीची कमान करून उभं राहतं.