हात आपला, पण हालचाल कोणाची? घरी करून पाहण्याचा प्रयोग

बेळगावहून खानापूरला जाताना बसला धक्का बसून आपला हात उडतो, तेव्हा हात आपलाच असतो, पण तो आपण हलवलेला नसतो. एरवी ‘हा अवयव माझा’ हा मालकीभाव आणि ‘हे मी केले’ ही कर्तेपणाची जाणीव इतक्या एकत्र नांदतात की त्या दोन आहेत हे लक्षातच येत नाही. त्या वेगळ्या करून पाहता येतात, आणि निपाणी-चिकोडीकडच्या शाळांतील विज्ञान प्रदर्शनासाठी याहून चांगला विषय मला सुचत नाही.

आधी मालकीभाव पाहावा. रबरी हातमोज्यात कापूस भरून तो समोर मेजावर ठेवावा, खरा हात शेजारीच पुठ्ठ्याच्या आडोशामागे लपवावा आणि खांद्यापासून मोज्यापर्यंत टॉवेल पांघरावा. मग सोबत्याने दोन सारखे ब्रश घेऊन मोज्याच्या आणि हाताच्या त्याच बोटावर, एकाच वेळी, एकाच दिशेने फिरवत राहावेत. मॅथ्यू बॉट्विनिक आणि जोनाथन कोहेन यांनी १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलेला हा प्रयोग आहे. अनेकांना काही वेळाने स्पर्श मोज्यावरच जाणवू लागतो. सर्वांनाच जाणवतो असे नाही.

यात हात स्थिर असल्याने कर्तेपणाचा प्रश्न उद्भवत नाही. त्यासाठी पुठ्ठ्याचे खोके घ्यावे, हात आत आणि मोजा वर ठेवावा, आणि खोक्याला भोक पाडून दोन्ही तर्जनी एका हलक्या काडीने जोडाव्यात. मोज्याच्या तर्जनीत कापूस कमी भरावा, म्हणजे ती सहज उचलली जाते. पहिल्या फेरीत स्वतः बोट हलवावे. दुसऱ्या फेरीत बोट सैल सोडून सोबत्याला काडी हलवू द्यावी. तिसऱ्या फेरीत मोजा उलटा, म्हणजे बोटे आपल्याकडे येतील असा फिरवून, काडी पुन्हा तर्जनीला जोडून, पुन्हा स्वतः हलवावे.

प्रत्येक फेरीनंतर ‘हा हात तुझा वाटला का?’ आणि ‘बोट तू हलवलेस असे वाटले का?’ हे प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत. काय वाटणे अपेक्षित आहे हे आधी मुळीच सांगू नये, कारण सुचवलेले उत्तर निरुपयोगी असते. आंद्रेआस काल्केर्ट आणि हेन्रिक एर्सन यांनी २०१२ मध्ये अशाच रचनेत पाहिले, तेव्हा पहिल्या फेरीत दोन्ही जाणिवा आढळल्या, दुसरीत मालकीभाव राहिला पण कर्तेपण गेले, आणि तिसरीत कर्तेपण राहिले पण मालकीभाव ओसरला. खऱ्या बोटानंतर कृत्रिम बोट अर्धा सेकंद उशिरा हलले, तर मात्र दोन्ही जाणिवा विरल्या.