बिझनेस हिस्टरीत पीएचडी करताय? फेलोशिपचा अर्ज भरायच्या आधी कागद बघायची परवानगी लेखी घ्या

नेट-जेआरएफची परीक्षा, सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा, तो तपासणारी विद्यापीठाची समिती म्हणजे आरआरसी, हे सगळं तुम्हाला माहितीये असं धरून चालते. सारथी, बार्टी, महाज्योती ह्या फेलोशिप देणाऱ्या राज्य सरकारच्या संस्थांच्या जाहिरातीही तुम्ही बघतच असाल, तिथले नियम बदलत असतात त्यामुळे सिनियरचं ऐकून न जाता त्या वर्षीची जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, एवढंच. मला लिहायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर, कारण त्यात माझे नऊ महिने गेले आणि आत्ता टाईप करतानाही पोटात गोळा येतोय.

माझा विषय साखर. १९३२ साली सरकारनं साखरेला परदेशी मालापासून संरक्षण देणारा कायदा केला, त्यानंतर आपल्याकडं कालव्यांच्या पाण्यावर जे खाजगी कारखाने वाढले त्यातल्या एकाचा इतिहास. सहकारी कारखान्यांवर प्रबंधांचा ढीग आहे, पण त्याच्या आधी खाजगी भांडवलदारांनी पैसा कुठून उभा केला, शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानं कशा घेतल्या, कंपनीचा कारभार चालवणाऱ्या मॅनेजिंग एजंटला कमिशन किती जायचं ह्यावर लिहिणारे कमी, आणि मला ते मनापासून महत्त्वाचं वाटतं, कारण आमच्याच गावातल्या कितीतरी घरांचं आयुष्य त्या खंडाच्या करारांवर ठरलं.

तर झालं असं. त्या कारखान्याच्या मालकांच्या घरातले एक वयस्कर गृहस्थ, त्यांच्याकडं मी ओळखीनं गेले. चहा झाला, त्यांनी कपाट उघडून दाखवलं. संचालक मंडळाच्या मिनिट बुकांचे लाल कापडी गठ्ठे, भागधारकांचं रजिस्टर, खंडाचे करार, सगळं. म्हणाले, “बाई, कधीही या, हे सगळं तुमचंच समजा.” मी तरंगतच घरी आले आणि प्रपोजलमध्ये लिहून टाकलं की हे कागद मला उपलब्ध आहेत, सगळं काम त्यावरच उभं आहे. फेलोशिप मिळाली. नंतर मी वही घेऊन गेले तर त्या घरात भावाभावांची वाटणी कोर्टात गेलेली, वकिलानं सांगितलेलं की एक चिठ्ठीसुद्धा बाहेरच्याला दाखवायची नाही. ते गृहस्थ बिचारे हात जोडून उभे राहिले, त्यांच्यावर मी कधीच रागावले नाही, पण माझ्याकडं त्यांच्या शब्दाशिवाय काहीच नव्हतं आणि तिकडं सहामाही प्रगती अहवालाची तारीख जवळ येत चाललेली.

आपल्या विषयात हा खड्डा सगळ्यात मोठा आहे, म्हणून जरा जास्तच लिहिते. सरकारी कागदांना नियम असतात, अर्ज करता येतो, वर दाद मागता येते. कंपनीचे कागद ही खाजगी मालमत्ता, मालकाची मर्जी फिरली की संपलं. त्यामुळे “या कधीही” ह्याला परवानगी समजू नका. पत्र घ्या, लेटरहेडवर. आणि सही कुणाची हे बघा, घरातल्या काकांची नको, कंपनी सेक्रेटरीची किंवा ज्याला कंपनीतर्फे सही करायचा अधिकार आहे त्याची. पत्रात कुठले कागद आणि कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत हे हवं, नुसतं “जुनी कागदपत्रे” असेल तर आत गेल्यावर तुम्हाला स्मरणिका आणि फोटोंचे अल्बम हातात मिळतात. मोबाईलनं फोटो काढता येतील का, उतारे प्रबंधात आणि नंतर पुस्तकात छापता येतील का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्हींची उत्तरं लेखी हवीत. आणि छापण्याआधी मजकूर “बघायला” देणं ठीक आहे, तारखा चुकल्या असतील तर ते सांगतात, पण “मंजुरी घेईन” असं लिहून देऊ नका. मजूर, संप, खंड ह्या विषयांची पानं त्या एका शब्दावर निघून जातात. पत्र नसेल तर प्रपोजलमध्ये सरळ लिहा की परवानगीची बोलणी चालू आहेत आणि ती नाही मिळाली तर मी अमुक कागदांवर काम करेन. समितीला हे आवडत नाही असं मला गाइडनी सांगितलं होतं. चूक सांगितलं होतं. पुढच्या अर्जात मी तसंच लिहिलं आणि मुलाखतीत सगळ्यात चांगली चर्चा त्याच ओळीवर झाली.

आता घाबरू नका, कारण कपाट बंद झालं म्हणून विषय मरत नाही. मला वाचवलं ते टॅरिफ बोर्डानं. कुठल्या उद्योगाला संरक्षण द्यायचं हे ठरवायला बोर्ड चौकशी करायचं, आणि चौकशीत कारखान्यांनी दिलेली उत्तरं, साक्षी छापल्या जायच्या. उसाचा भाव, उत्पादन खर्च, यंत्रं, मजुरी. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात बसून मी ती छापील पुस्तकं वाचली तेव्हा कळलं की नातवंडांचे वकील जे दाखवू देत नव्हते त्यातलं कितीतरी तेव्हाच्या कारखानदारांनी स्वतःच सरकारला लिहून दिलेलं होतं. मग वर्तमानपत्रात छापलेले वार्षिक सभेचे वृत्तांत, हायकोर्टाचे निकाल, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार, दिल्लीत तीन मूर्तीच्या पंतप्रधान संग्रहालय आणि ग्रंथालयात उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे कागद. आणि अगदी नवे असाल तर सुरुवात व्यवस्थित अर्काइव्ह असलेल्या ठिकाणी करा, १९९१ साली सुरू झालेलं टाटा सेंट्रल अर्काइव्हज आता पुण्यात आहे, विक्रोळीला गोदरेज अर्काइव्हज २००६ पासून. तिथल्या अर्काइव्हिस्टशी मन लावून बोला. माझं स्पष्ट मत आहे की मोठ्या नावाच्या प्राध्यापकाच्या शिफारसपत्रापेक्षा अर्काइव्हिस्टनं सांगितलेला एक फाईल नंबर अर्जात जास्त काम करतो.

पैसे कुठं मागायचे? आपला विषय अधांतरी लटकतो. इतिहासवाल्यांनी आयसीएचआर (भारतीय इतिहास संशोधन परिषद), कॉमर्स-इकॉनॉमिक्सवाल्यांनी आयसीएसएसआर (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद) असा सरळ हिशोब असतो, पण मला एका मुलाखतीत “हे तर कॉमर्स झालं” आणि दुसऱ्या मुलाखतीत “हे तर इतिहास झालं” असं ऐकायला मिळालंय. रडू आलं होतं तेव्हा. त्यानंतर मी एकच अर्ज दोन्हीकडं पाठवणं बंद केलं, पहिलं पान दोघांसाठी वेगळं लिहायचं. लंडनला इंडिया ऑफिसचे, म्हणजे ब्रिटिश काळात तिथून भारताचा कारभार बघणाऱ्या खात्याचे कागद बघायचे असतील तर चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट छोट्या मुदतीच्या कामासाठी मदत करतो.

अमेरिकेतल्या ट्रॅव्हल ग्रँट बघून लगेच उड्या मारू नका. हार्वर्ड बिझनेस स्कूलची चँडलर ट्रॅव्हल फेलोशिप किंवा डेलावेअरमधल्या हॅगली लायब्ररीच्या ग्रँट ह्या “आमच्याकडचे कागद वाचायला या” अशा प्रकारच्या आहेत. माझ्या साखरेला तिथं काही काम नव्हतं, मी अर्ज केला नाही. पण कुणी मुंबईतल्या बर्फाच्या व्यापारावर काम करत असेल तर १८३३ साली बोस्टनहून कलकत्त्याला बर्फ पाठवणाऱ्या आणि नंतर मुंबईलाही पुरवणाऱ्या ट्यूडरच्या कंपनीच्या वह्या हार्वर्डच्या बेकर लायब्ररीत आहेत, त्यानं बिनधास्त अर्ज करावा. आणि बऱ्याच ट्रॅव्हल ग्रँटमध्ये आधी खिशातनं खर्च, मग बिलं लावून पैसे, हे विचारून घ्या. घरून उसने मागायची वेळ ऐनवेळी येऊ नये. पीएचडीनंतर वर्षभरासाठी हार्वर्ड-न्यूकोमेन फेलोशिप आहे, पण ती नंतरची गोष्ट.

पुरस्कारांचं थोडक्यात. बिझनेस हिस्टरी कॉन्फरन्स ह्या अमेरिकेतल्या संघटनेचं क्रूस प्राइझ प्रबंधालाच मिळतं, पण प्रबंध इंग्रजीत हवा. ब्रिटनमधल्या कोलमन प्राइझसाठी विषय ब्रिटिश लागतो नाहीतर विद्यापीठ तिथलं लागतं. माझा प्रबंध मराठीत आहे. खंडाचे करार मराठीत, मुकादमांच्या वह्या मोडी लिपीत, मुलाखती मराठीत, मी दुसऱ्या भाषेत लिहिलंच नसतं. ह्याचा मला पश्चात्ताप नाही, पण तुम्ही रजिस्ट्रेशनच्या वेळीच हे माहिती असून ठरवा. मधला रस्ता म्हणजे एक प्रकरण इंग्रजीत पेपर म्हणून लिहायचं, ह्याच बिझनेस हिस्टरी कॉन्फरन्सच्या अधिवेशनात वाचायचं, तिथं नव्यांच्या पेपरसाठी वेगळं केर प्राइझ असतं.

आणि प्रपोजल पैसे घेऊन लिहून देणारे जे मेसेज येतात ना, त्यांना ब्लॉक करा. मुलाखतीत “हा कागद तुम्ही स्वतः पाहिलाय का, कुठल्या बस्त्यात आहे?” विचारलं की खेळ संपतो.

मागच्या दिवाळीनंतर त्या घरातल्या सूनबाईंचा फोन आला. वाटणी मिटली, कपाट त्यांच्याकडं आलंय, म्हणाल्या, “ताई, येऊन बघा ना.” मला त्याच रात्री गाडी पकडाविशी वाटत होती. मी त्यांना पत्राचा मसुदा पाठवलाय, सही होऊन आला की निघणार.