शेतात ब्राँझची कुऱ्हाड सापडली तर पितांबरी लावू नका

इंग्लंडात राहून मेटल डिटेक्टरचा नाद लागलेल्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितोय. शेतकऱ्याची परवानगी लेखीच घ्या, आणि सापडेल त्यात कोणाचा किती वाटा तेही त्यातच लिहून टाका, नंतर कटकट नको. संरक्षित स्मारकाच्या जागेत मात्र मशीन न्यायचंच नाही, गुन्हा आहे.

पहिली कुऱ्हाड हातात आली तेव्हा मला ती नळाचा जुना पार्टच वाटली होती, टाकूनच देणार होतो. हिरवट, तळहातावर मावेल एवढी, मागून पोकळ आणि बाजूला दोरी बांधायला छोटासा कान. ही सॉकेटवाली (दांडा आत बसवायला पोकळी असलेली) म्हणजे ब्राँझयुगाच्या शेवटची, साधारण इ.स.पू. 1000 ते 800. सरळ चपटी पाती असेल तर ती याहून बरीच जुनी. पोकळीत गच्च माती असते, ती काडीने कोरायची नाही, आत दांड्याचं लाकूड उरलेलं असू शकतं. आणि पितांबरी, चिंच, मीठ सगळं लांब ठेवा!! घासलंत की वरचा थर गेला आणि धारेवरच्या खुणाही गेल्या. कोरड्या डब्यात ठेवा, खड्ड्याचं जीपीएस लोकेशन लिहा, फोटो काढा.

आता खरी मेख. त्याच खड्ड्यात परत मशीन वाजलं तर फावडं खाली. हात शिवशिवतात, माहितीये, पण वस्तू कशा रचल्यात हे एकदा उपसलं की कायमचं गेलं. 2007 साली डॉर्सेटमध्ये लँग्टन मॅट्रॅव्हर्सला डिटेक्टरवाल्यांनाच शेतात शेकडो कुऱ्हाडींचा साठा लागला, आणि त्यांच्या ब्राँझमध्ये कथील इतकं जास्त की लाकडावर घातली तर तुटेल, म्हणजे वापरायला केल्याच नव्हत्या.

एकटी कुऱ्हाड सहसा कायद्याने ट्रेझर (सरकारला कळवावाच लागणारा ठेवा) धरत नाहीत, तरी तुमच्या भागातल्या फाइंड्स लिएझन ऑफिसरला (सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद करणारा अधिकारी) दाखवा, नोंद होते आणि वस्तू सहसा परत मिळते. पण एकाच ठिकाणी दोन किंवा जास्त प्रागैतिहासिक वस्तू निघाल्या तर 2003 पासून ते ट्रेझर धरतात, मग 14 दिवसांत कोरोनरला (ट्रेझर आहे की नाही हे ठरवणारा सरकारी अधिकारी) कळवायलाच लागतं, तेही हाच ऑफिसर करून देतो.

आणि हो, सुट्टीत गावी जाताना मशीन बॅगेत टाकू नका. आपल्याकडे 1878 चा कायदा अजून लागू आहे, जमिनीत पुरलेलं 10 रुपयांवरचं काही निघालं तरी कलेक्टरला कळवावं लागतं.