बाभळीची साल आणि दातांचे जंतू: प्रयोग कसा लावायचा

आजोबा बाभळीच्या काडीने दात घासायचे, म्हणून एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी बाभळीची सालच घेतली. पहिल्याच प्लेटवर 14 मिमीचा झोन, म्हणजे अर्काभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ! डबा तसाच टाकून मॅडमकडे धावले. त्यांनी एवढंच विचारलं, "नुसत्या अल्कोहोलचा किती?" तो मी लावलाच नव्हता. लावला, तर 12; म्हणजे माझा झोन बराचसा अर्कातल्या अल्कोहोलचाच.

म्हणून तुम्ही आधी द्रावकाची सोय बघा. सावलीत वाळवलेल्या सालीची 10 ग्रॅम पूड 100 मिली 70 टक्के इथेनॉलमध्ये दोन दिवस बुडवून ठेवा, अधूनमधून हलवा, गाळा. मग पसरट भांड्यात, 40 अंशांच्या वॉटर बाथवर इथेनॉल पूर्ण उडवा. घाई नको, जवळपास ज्योतही नको. खाली राहिलेला चिकटा वजन करून 10 टक्के डीएमएसओमध्ये (डायमिथाइल सल्फॉक्साइड, एक द्रावक) विरघळवा, मिलीला 100 मिग्रॅ. तोच डीएमएसओ थोडा कोरा बाजूला ठेवा.

जंतू दात किडवणारा स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स. स्वतःच्या दातांवरून घ्यायचा मोह होतो, पण त्यात कोण कोण येईल सांगता येत नाही. चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव-संग्रहाचा 890 नंबर मागवा. 0.5 मॅकफर्लंडइतकं (गढूळपणाचं माप), म्हणजे मिलीला साधारण 15 कोटी जंतूंचं, गढूळ द्रावण करून ब्रेन हार्ट इन्फ्युजन अगारवर (जंतू वाढवायचं घट्ट माध्यम) स्वॅबने तीन दिशांनी फिरवा. कॉर्क बोररने 6 मिमीचे वेल पाडा (वेलीशी संबंध नाही, खड्डेच ते). एकात अर्क, एकात कोरा डीएमएसओ, एकात 0.2 टक्के क्लोरहेक्झिडीन, माउथवॉशमधलं जंतुनाशक. प्रत्येकी 50 मायक्रोलिटर. प्लेटा कँडल जारमध्ये (मेणबत्ती पेटवून घट्ट झाकलेली बरणी, आत ऑक्सिजन कमी), 37 अंशांना, 24 तास.

वाचताना बाभूळ फसवते. टॅनिनचा, म्हणजे सालीतल्या तुरट द्रव्यांचा, तपकिरी डाग वेलभोवती पसरतो आणि झोनसारखा दिसतो. प्लेट उजेडाकडे धरून जंतूंची साय नेमकी कुठे थांबते ते बघा, मोजमाप तिथपर्यंतच. लवंगेच्या अर्काचा झोन मोठा आला म्हणून लवंग भारी, असंही नाही. टॅनिन अगारमधून सावकाश सरकतात. तुलना करायचीच तर ब्रॉथमध्ये (पातळ माध्यमात) अर्क निम्मा-निम्मा सौम्य करत एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ रोखणारी सर्वांत कमी मात्रा, काढा. अर्काच्या रंगामुळे गढूळपणा कळत नाही, म्हणून रेझाझुरिन हा निळा रंग घाला: निळ्याचं गुलाबी झालं तिथे जंतू जिवंत.

इथेनॉल नीट उडवल्यावर माझा झोन 9 मिमी आला, कोऱ्या डीएमएसओचा शून्य. प्रबंधात तोच 9 गेला.