कढीपत्त्याची पिवळी पानं : आमच्या गच्चीतला इलाज

आमच्या कुंडीतल्या कढीपत्त्याची नवी पालवी फिकट पिवळी यायला लागली. पानाच्या शिरा मात्र हिरव्यागार, जणू कुणी बारीक पेनाने आखल्यात. जुनी पानं ठणठणीत.

ज्याला विचारावं तो म्हणे, शेणखत घाल. शेणखतातून नत्र (नायट्रोजन) मिळतं, पण ते कमी असेल तर आधी खालची, जुनी पानं पिवळी पडतात, कारण झाड तिथलं नत्र काढून शेंड्याला देतं. मॅग्नेशियम कमी असलं तरी शिरा हिरव्या राहतात, पण तेही जुन्या पानांवर. लोह मात्र झाडाला असं हलवता येत नाही, म्हणून कमतरता शेंड्यावर दिसते.

मातीत लोह नव्हतं असं नाही. आम्ही घालतो बोअरचं पाणी, चांगलं जड. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरलेला. अशा पाण्याने माती चुनखडीची होते आणि लोह मुळांना मिळेनासं होतं.

वरची दोनेक इंच माती खरवडून गांडूळखत भरलं. कृषी केंद्रातून हिराकस आणलं (फेरस सल्फेट, स्वस्तात मिळतं). लिटरभर पाण्यात 2 ग्रॅम हिराकस, थोडं लिंबू पिळून, ऊन उतरल्यावर पानांवर फवारलं, आठवड्याने पुन्हा. जास्त घेतलं तर पानं करपतात, आणि फरशीवरचे तांबडे डाग जाता जात नाहीत, त्याबद्दल घरात बोलणी बसली ती वेगळीच.

पुढची पालवी हिरवी आली. काहीजण यावर कुंडीत ताक ओततात, तेही करून बघायला हरकत नाही, पण माझा भरवसा हिराकसावर. पावसाळ्यात पन्हाळीखाली बादली लावून तेच पाणी घालतो.