सीतेच्या वेणीने फांदी धरली

नर्सरीतून आणलेलं सीतेची वेणी नावाचं ऑर्किड कुंडीत दोन वर्षं नुसतं तग धरून होतं. एप्रिलमध्ये उपसून पाहिलं तर काथ्यात पाणी साचून मुळं कुजलेली. चिमटीत धरलं की साल सुटून हातात यायची, आत नुसता दोरा. कात्री गॅसवर तापवून सगळं कुजकं कापलं. टणक मुळं दोनच उरली, बोटभर लांबीची. फक्त कापल्या जागी दालचिनीची पूड लावली. चांगल्या मुळांना लागली तर ती सुकतात.

हे ऑर्किड मुळात झाडांच्या खोडाफांद्यांवर वाढणारं, म्हणून आंब्याच्या वाळक्या फांदीचा खरबरीत सालीचा तुकडा घेतला. आधी सुतळीने बांधलं, ती चूक होती. सुतळी सैल पडली, वाऱ्याने रोप हलायचं आणि नव्या मुळाचं हिरवं टोक सालीवर घासून काळं पडायचं. फार वाईट वाटलं. मग जुन्या पायमोज्याच्या पट्ट्या कापून बुंधा आवळून बांधला, अगदी हलता कामा नये असा. पानांच्या बेचक्यात पाणी राहू नये म्हणून रोप जरा तिरपं ठेवलं.

मुळं थोडी असताना ओलावा जपावा लागतो. सकाळी मुळं रुपेरी दिसली की फवारा मारायचा, हिरवी झाली की थांबायचं. उन्हाळ्यात संध्याकाळी पुन्हा एकदा, पण फक्त मुळांवर.

जूनच्या पावसात तीन नवी मुळं फुटली. ऑगस्टमध्ये त्यातलं एक सालीच्या भेगेत शिरून चपटं होऊन चिकटलं. पट्ट्या अजून सोडलेल्या नाहीत.