विद्यार्थी महोत्सवासाठी गावातील प्रायोजक कसे मिळवावेत

साताऱ्यातील मोती चौकाजवळच्या एका पेढ्यांच्या दुकानात आम्ही चौघे विद्यार्थी प्रायोजकत्व मागायला गेलो, तेव्हा गल्ल्यावरच्या काकांनी आमचे छापील पत्र न उघडताच विचारले, ‘‘तुमच्या कार्यक्रमाला येतं कोण?’’ ‘‘सगळेच येतात,’’ असे आम्ही उत्साहाने सांगितले आणि ‘‘बघू, दिवाळीनंतर या,’’ हे उत्तर घेऊन बाहेर पडलो. त्यांचा प्रश्न रास्त होता. दुकानदार वर्गणी देतो ती देवासाठी आणि गल्लीसाठी; प्रायोजकत्व मात्र तो गिऱ्हाइकासाठी देतो, आणि ते गिऱ्हाईक कोण हे सांगण्याची जबाबदारी मागणाऱ्याची असते.

म्हणून दुकानांची यादी करण्याआधी आपल्या विद्यार्थ्यांची माहिती गोळा करावी. वसतिगृहात किती जण राहतात, वाई, कोरेगाव, मेढा या बाजूंनी रोज एसटीने किती जण येतात, जेवण आणि झेरॉक्स कुठे होते, महोत्सवाला पालक येतात का, एवढे वर्गावर्गांत विचारून एका कागदावर मांडले, तरी कोणाकडे जायचे हे आपोआप ठरते. खाणावळी, अभ्यासिका, चष्म्याची दुकाने, दुचाकींचे विक्रेते, सैन्य व पोलीस भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादमी यांना विद्यार्थी हवेच असतात. पेढेवाल्या काकांकडे पुढच्या वर्षी जाताना आम्ही एवढेच दाखवले की वसतिगृहातली मुले सुट्टीला गावी जाताना घरी कंदी पेढे नेतात आणि ती मुले किती आहेत. त्या वेळी त्यांनी आम्हाला बसायला सांगितले.

जाण्याची वेळ सांभाळणे फार महत्त्वाचे आहे. गणपतीच्या तोंडावर प्रत्येक दुकानात वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन कोणी ना कोणी उभे असते, आणि नवरात्रापासून दिवाळीपर्यंत दुकानदाराला मान वर करायला फुरसत नसते. महोत्सव जानेवारीत असेल, तर आषाढात, लग्नसराई संपून कापड आणि सराफ बाजार जरा थंडावलेला असताना, केवळ ओळख करून घेण्यासाठी एक फेरी मारावी. रकमेची गोष्ट दिवाळीचे हिशेब आटोपल्यावर काढावी. सकाळी भवानी होण्याआधी पैसे मागायला जाऊ नये. दोघांनीच जावे, त्यांपैकी एकाला आकडे तोंडपाठ असावेत, आणि प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचे पत्र सोबत असावे.

मागणी नेमकी असावी. ‘‘काहीतरी मदत करा’’ म्हटले की पाचशे रुपये हातावर ठेवून बोळवण होते, आणि त्यात दुकानदाराचा काही दोष नसतो. स्मरणिकेतील पूर्ण पान, अर्धे पान, एका स्पर्धेचे नाव, आवारातील एक स्टॉल अशा गोष्टींचे दर लिहून न्यावेत. एका व्यवसायातील एकालाच मुख्य प्रायोजक करण्याचे वचन दिले असेल, तर ते शेवटपर्यंत पाळावे. समोरासमोरच्या दोन दुकानांना एकच शब्द देणाऱ्या मुलांना बाजारपेठ पुढे कित्येक वर्षे विसरत नाही. वस्तू मिळत असेल तर तीही मोलाची मानावी. काकांनी आम्हाला रोख काही दिले नाही, विजेत्यांसाठी पेढ्यांचे पुडे दिले, आणि बक्षिसांच्या खर्चाचा मोठा भार हलका झाला.

जे देता येणार नाही ते कबूल करू नये. चौकात फ्लेक्स लावून देऊ, हे आश्वासन तर मुळीच देऊ नये. सार्वजनिक जागांच्या विद्रूपणाविरुद्ध महाराष्ट्रात १९९५ पासून कायदा आहे, आणि साताऱ्याच्याच सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बेकायदा फलकांविरुद्ध कडक आदेश दिले आहेत. नगरपालिकेची परवानगी नसेल, तर फलक आवारातच राहतील, असे आधीच स्पष्ट सांगावे. तंबाखूच्या उत्पादनांच्या जाहिराती आणि प्रायोजकत्व यांना २००३ च्या कायद्याने बंदी आहे; रक्कम कितीही मोठी असली, तरी तो विषय तिथेच थांबवावा.

पैसे महाविद्यालयाच्या खात्यातच घ्यावेत, कोणा विद्यार्थ्याच्या मोबाइलवर नव्हे, आणि पावती त्याच दिवशी पोचवावी. जाहिरातीचा खर्च दुकानदाराच्या हिशेबात व्यवसायाचा खर्च म्हणून धरला जातो, तर देणगीवरील करसवलत संस्थेकडे तशी नोंदणी असेल तरच मिळते. त्यामुळे पावतीवर ‘जाहिरात’ लिहायचे की ‘देणगी’, हे महाविद्यालयाच्या लेखापालांना आधी विचारून घ्यावे. मोठी रक्कम धनादेशाने मागावी, कारण एका दिवसात एकाला दहा हजारांहून अधिक रोख दिली, तर तो खर्च आयकरात सहसा धरला जात नाही.

महोत्सव संपल्यावर आठ दिवसांच्या आत प्रत्येक प्रायोजकाकडे पुन्हा जावे. स्मरणिकेची प्रत, त्यांच्या फलकाचे छायाचित्र आणि जमाखर्चाचा एक कागद न्यावा. बहुतेक मंडळी ही फेरी टाळतात, आणि पुढच्या वर्षी सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते. आम्ही पेढ्यांचा पुडा हातात धरलेल्या विजेत्यांचे छायाचित्र काकांना दिले, तेव्हा त्यांनी ते गल्ल्यामागच्या काचेत अडकवले आणि पुढच्या संमेलनाची तारीख विचारली. कोणी काय दिले, आपण काय कबूल केले आणि त्यातले काय राहून गेले, हे सारे एका वहीत लिहून ती पुढच्या तुकडीच्या हाती द्यावी, आणि नव्या मुलांना निदान एकदा तरी स्वतः दुकानात नेऊन त्यांची ओळख करून द्यावी.